शालूकाकूच्या हातचे ऋतू

"हलू नकोस, ऋतू बिघडेल," असं शालूकाकू म्हणायची. समोरच्या मुलीचं बोट चिमटीत धरलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि खराट्याच्या काडीचं टोक नखावर टेकायच्या बेतात. मुलीला शिंक आली तरी ती दाबून धरायची. अर्धवट ऋतू घेऊन जिना उतरणं म्हणजे साऱ्या इमारतीत हसं करून घेणं होतं.

हल्लीच्या मुली मला सांगतात की नखांवरची ही चित्रंबित्रं सगळी बाहेरून आली. मला राग येतो. तुमच्याकडे कुठून आली ते मला ठाऊक नाही, पण बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीत, ती दुसऱ्या मजल्यावरच्या शालूकाकूच्या स्वयंपाकघरातून आली. बाहेरून आलं ते फक्त निमित्त. नुकतंच केबल आलं होतं, आणि दुपारी कसलासा परदेशी कार्यक्रम लागला होता. एका बाईच्या लांबलचक नखांवर बर्फाचे कण काढलेले होते. आम्ही चार मुली आ वासून बघत होतो. काकू वाटाणे सोलत होती. तिने टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्यांच्याकडे बर्फ पडतो म्हणून त्या बर्फ काढतात. आपल्याकडे काय कमी पडतं गं?"

आणि वाटाणे तसेच टाकून उठली. त्याच संध्याकाळी माझ्या मोठ्या बहिणीच्या नखांवर पोंक आला. थंडीत गाडीवर मिळतो तो ज्वारीचा कोवळा हुरडा, हिरवा आणि पिवळट, दाणा दाणा सुटा. बहीण दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली आणि येताना सहा मैत्रिणी घेऊन आली.

काकू तेव्हा पंचेचाळिशीची असेल. ठेंगणी, गोरी, केसांचा चापून बांधलेला अंबाडा, आणि बोलणं असं की समोरच्याला मध्ये शिरायला फट मिळू नये. भास्करकाका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घरात सासरे, अप्पा. अप्पांचे वडील संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट कलमासारखी वाचायची सवय. काकूने लग्नानंतर पहिल्यांदा नखं रंगवली तेव्हा अप्पा म्हणाले होते, "ज्या हाताने वाढता त्या हाताला रंग नको." काकूने ते शब्दशः पाळलं. उजवा हात आयुष्यभर कोरा. डाव्याबद्दल अप्पा काही बोलले नव्हते, म्हणून डावा मोकळा. अप्पा या सगळ्याला "चाळा" म्हणायचे. "सूनबाईंचा चाळा चाललाय," असं पेपरातून डोकं वर न काढता. काकू हसून सोडून द्यायची, पण तो शब्द तिला बोचायचा. एकदा मला म्हणाली, "शिवणकाम केलं तर ते काम, लोणची घातली तर ते काम. हे मात्र चाळा. कुणी म्हणजे कुणी मला कामाला म्हणून बोलावत नाही बघ. सगळ्या येतात त्या वेळ जात नाही म्हणून."

सामान काय होतं सांगते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात खराट्याच्या काड्या, संपलेली बॉलपेनं, केसांच्या पिना, चिकटपट्टी. बॉलपेनाच्या टोकाने बारीक ठिपका, पिनेच्या डोक्याने मोठा ठिपका, काडीने रेघ. पांढरं नेलपॉलिश तेव्हा मिळत नसे, म्हणून भास्करकाका कचेरीतल्या टाइपिस्टबाईंनी टाकून दिलेल्या व्हाइटनरच्या बाटल्या आणायचे, तळाशी थोडा उरलेला. चमकी आणि बारीक टिकल्या घडियाळी पोळातल्या दुकानांतून. नवा नमुना आधी पिस्त्याच्या टरफलावर. पिस्त्याच्या अर्ध्या टरफलाची पाठ अगदी नखासारखी गोल असते, हे शोधून काढणाऱ्या बाईला मी शास्त्रज्ञ म्हणते. पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेली टरफलं होती तिच्याकडे, महिन्यामहिन्याची. चैत्राची कैरी, वैशाखातला मोगरा, श्रावणातली हिरवी पानं, भाद्रपदात तीन पात्यांची दूर्वा, कोजागिरीला दुधी नखावर पूर्ण चंद्र. नवरात्रात तर विचारूच नका. नऊ रात्री, नऊ तऱ्हा. रोज संध्याकाळी जिन्यावर चपलांचा ढीग, आणि गरब्याला जायच्या आधी मुली हात पुढे धरून झोपेत चालल्यासारख्या उतरायच्या, कुठे घासू नये म्हणून. भोकंभोकं असलेला गरब्याचा घट त्या एवढ्याशा नखावर काढून त्याच्या प्रत्येक भोकात पिवळा उजेड भरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. मी स्वतः नखं खायचे. काकू मला उंदीर म्हणायची आणि फक्त अंगठ्यावर काम करायची, तिथे थोडी जागा होती.

तिच्या शिस्तीही होत्या. पंखा बंद, कारण वाऱ्याने रंगाला फोड येतात. रंग चढला की बोटं थंड पाण्याच्या वाडग्यात. आणि माझे बाबा नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात होते, म्हणून त्यांना जिन्यात गाठून प्रश्न: "भाऊजी, घट्ट झालेला रंग पातळ करायला काय घालू? पुसायचं औषध घातलं तर दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघतात." बाबा घरी फारसं बोलायचे नाहीत, पण काकूशी या विषयावर जिन्यात उभं राहून अर्धा तास बोलायचे. आई आतून हाका मारून थकायची.

आता रमाबेन. काकूच्या समोरचं दार रमाबेनचं. वीस वर्षांचा शेजार, दोन्ही दारं दिवसभर उघडी, कढीपत्ता इकडून तिकडे, ढोकळा तिकडून इकडे. रमाबेन इमारतीच्या राणी होत्या. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पापड कोणी कधी वाळवायचे ते त्या ठरवायच्या. त्यांचा मुलगा जिग्नेश वाघोडियाला नोकरीला होता, आणि त्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. सून हेतल, आणंदची, माझ्याच वयाची. आठ दिवसांत आमची मैत्री झाली.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दोन दिवस आधी रमाबेन काकूच्या दारात आल्या. "शालूबेन, अमारी वहुना नख करी आपो ने. पहेली उत्तरायण छे. आणंदथी वेवाई आववाना छे."

काकूने दार लावलं आणि माझा दंड धरला. "ऐकलंस? रमाबेन. स्वतःहून. सुनेची नखं करून द्या म्हणाल्या, व्याही येणार म्हणून." तिचा चेहरा लाल झाला होता. "पहिल्यांदा कोणी मला बोलावलं, मुली. प्रसंगाला बोलावलं."

तुम्ही मराठी असाल तर पुढे काय झालं ते तुम्हाला चूक वाटणारच नाही, तिथेच सगळी गोम आहे. नव्या सुनेची पहिली संक्रांत. आपल्याकडे काय करतात? काळी साडी, पांढऱ्या हलव्याचे दागिने. वर्षभर काळं नको म्हणणारे आपण त्या एका दिवशी सुनेला हौसेने काळं नेसवतो. काकूने घडियाळी पोळातून काळ्या नेलपॉलिशची बाटली आणून दोन महिने जपून ठेवली होती, तेव्हा ती नवीनच आलेली. ती तिने हेतलसाठी फोडली. तीन तास बसली होती. दहाही नखं काळी कुळकुळीत, त्यावर हलव्याचे पांढरे दाणे, आणि प्रत्येक दाण्याला काडीच्या टोकाने काढलेला काटा. हलव्याला काटा असतो ना, तो. मी भिंग घेऊन मोजायला बसले आणि हरले.

हेतलने एकदाच विचारलं होतं, "काकी, काळो?"

"नव्या सुनेला काळंच," काकू म्हणाली. इतक्या खात्रीने की त्या बिचारीला वाटलं, बडोद्यात असंच असेल.

उत्तरायणाच्या सकाळी अगाशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पतंग, फिरक्या, टेपरेकॉर्डर, उंधियूचं पातेलं, जिलेबी. आणंदचे वेवाई आले होते. हेतल चिक्कीची ताटली घेऊन सगळ्यांसमोर फिरत होती, आणि तिच्या आईपाशी आली तेव्हा आईने चिक्की घेतलीच नाही. तिने हात धरला. मग, आदल्या दिवसापासून उंधियूत आणि पाहुण्यांत गुंतलेल्या रमाबेननी पहिल्यांदा ते हात नीट पाहिले. नेमकी त्याच वेळी काकू तिळगुळाची वाटी घेऊन जिन्याच्या दारातून वर आली, नवी साडी, हसत.

"आ शुं कर्युं, शालूबेन?" रमाबेनचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. "नवी वहुना हाथ पर काळुं?"

चारी बाजूंनी पतंग कापल्याची "काप्यो छे" ओरड चालू होती, आणि आमच्या अगाशीवर कुणीतरी टेपरेकॉर्डर बंद केला. काकूला एका क्षणात कळलं, मला दिसलं ते. मला वाटलं ती आता सांगेल. सांग ना गं, मी मनात म्हणत होते, हे शुभ आहे म्हणून सांग, तुझं तोंड एरवी मिटत नाही. काकूने वाटी खाली ठेवली, खाली गेली, पुसायच्या औषधाची बाटली आणि कापूस घेऊन वर आली. हेतलसमोर मांडी घालून बसली आणि व्याह्यांसमोर एकेक नख पुसलं. दहा. शेवटी तिला म्हणाली, "माफ कर हं, बेटा," आणि निघून गेली. तिळगुळाची वाटी मी आणून दिली.

मी तिच्याशी भांडले. का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "काय सांगू? आमच्यात चालतं म्हणू? पोरगी त्यांची, दिवस त्यांचा, हात तिचे. मी विचारलंच नाही. एवढं बोलावलं, आणि मी विचारलं नाही." तिचे डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत.

त्यानंतर समोरचं दार बंद राहू लागलं. भांडण नाही, काही नाही. जिन्यात गाठ पडली तर रमाबेन "जय श्री कृष्ण" म्हणायच्या, पण चालता चालता. मुली यायच्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. हेतल सासूला भ्यायची, तरी मला चोरून विचारायची, "काकी केम छे?" मी काय सांगणार? होळी आली. दर होळीला काकू नखांवर पळसाचा केशरी काढायची, त्या वर्षी काही नाही. बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला. पुठ्ठ्यावरची टरफलं तिने कपाटाच्या मागे सरकवली. मला इतका राग आला होता की कोणावर काढावा कळत नव्हतं. रमाबेनवर काढला, मग काकूवर, मग नवा पेपर वाचणाऱ्या अप्पांवर. यांना बरंच झालं असेल, असं मी आईला म्हणाले, आणि आईने मला गप्प केलं.

पाडव्याला आमचं जेवण काकूकडे होतं. काकू श्रीखंड वाढत होती. डाव्या हातात पातेलं, उजव्यात डाव. अप्पांच्या ताटाशी आली तेव्हा ते थांबले.

"सूनबाई, डाव्या हाताचं काय झालं?"

काकूला कळेना. "काही नाही. भाजलं बिजलं नाही."

"ते विचारत नाही. पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर असतो त्यावर. बारीक पांढरा." अप्पांनी श्रीखंडाकडे बघत सांगितलं. "गेल्या वर्षी होता. त्याच्या आदल्या वर्षीही होता."

भास्करकाका माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. हा माणूस इतकी वर्षं पेपराआडून बघत होता. काकू पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि अप्पांना पुन्हा श्रीखंड वाढायला बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दुपारी आईने मला श्रीखंडाची वाटी देऊन रमाबेनकडे पाठवलं. मी दारातून आत जातेय तोच मागून काठीचा आवाज. अप्पा. धोतर, टोपी, आणि काखेत भिंतीवरून काढलेली एक तसबीर. वीस वर्षांत अप्पांनी तो उंबरा ओलांडलेला मी पाहिला नव्हता. रमाबेन घाईने डोक्यावर पदर ओढत उभ्या राहिल्या.

"रमाबेन, आ मारी पत्नी," अप्पा म्हणाले, आणि तसबीर त्यांच्या हातात दिली. "अमारा घरमां एनी पहेली संक्रांत. जुओ."

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, खुर्चीत ताठ बसलेली. डोक्यापासून पायापर्यंत काळी साडी. गळ्यात, हातात, कपाळावर, कंबरेला पांढरे दागिने. फोटोच काळापांढरा, त्यामुळे आणखीच उठून दिसत होतं. हेतल आतून आली आणि सासूच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"आटलुं बधुं काळुं?" रमाबेन म्हणाल्या.

"अमारामां आ शुकन कहेवाय. वरसमां एक ज दिवस. नवी वहु माटे ज."

रमाबेननी चष्मा लावून दागिन्यांवर बोट ठेवलं. "अने आ घरेणां? चांदीनां?"

"साखरेचे," अप्पा मराठीत बोलून गेले, मग सावरून म्हणाले, "साकरनां."

"साकरनां?" रमाबेन हसायला लागल्या. मोठ्याने, आधी हसायच्या तशा. "पछी खाई जवानां?"

"वहेंची देवानां," हाताने वाटल्याची खूण करत अप्पा गंभीरपणे म्हणाले.

रमाबेन हसता हसता थांबल्या, आणि मी काकूला विचारला होता तोच प्रश्न त्यांनी विचारला. "तो शालूबेने मने कह्युं केम नहीं?"

"ए तमे एने पूछो," अप्पा म्हणाले, तसबीर काखेत मारली आणि परत निघाले. दाराबाहेर मला काठीने थांबवून म्हणाले, "यातलं एक अक्षर सूनबाईंपाशी जाता कामा नये." मी अक्षर नेलं नाही. मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत.

रमाबेन लगेच आल्या असं नाही. बारा दिवस गेले. मी मोजत होते. तेराव्या दिवशी सकाळी मी काकूकडे दही मागायला गेले होते, तेव्हा दार वाजलं. उघडं दार कोण वाजवतं, म्हणून बघितलं तर रमाबेन.

"शालूबेन, अखात्रीजे आणंद आववानुं छे. हेतलनी नानी बेननां लग्न छे."

अखात्रीज म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, त्या दिवशी हेतलच्या धाकट्या बहिणीचं लग्न. काकू पदराला हात पुसत उभी राहिली. "आवीशुं ने. बधा आवीशुं."

"बधा तो आवशे ज. तमारे आगले दिवसे आववानुं. कामे."

आदल्या दिवशी, आणि कामाला: काकूने एकदा माझ्यापाशी काढलेला तोच शब्द. काकूने कपाटातून एक जुनी वही काढली, रमाबेनना ओढून खुर्चीवर बसवलं आणि पेन्सिल घेऊन म्हणाली, "पहेलां मने बधुं कहो. लग्नमां तमारामां कयो रंग सारो? कयो न चाले? मेंदीवाळा हाथे शुं सारुं लागे?" दोघी दीड तास बसल्या. दही माझ्या हातात तसंच राहिलं. वहीत रकाने पडले: लग्न, सीमंत म्हणजे डोहाळजेवण, बेसतुं वर्ष म्हणजे दिवाळीतला त्यांचा पाडवा, उत्तरायण. प्रत्येकापुढे चालतं, चालत नाही. मध्येच रमाबेन म्हणाल्या, "काळुं तमारुं, अमारुं नहीं. पण समजाई गयुं." काकूने मान वर करून कसं समजलं विचारलं, तर रमाबेन म्हणाल्या, "तमारा ससराने पूछो," आणि काकू पेपराआडच्या अप्पांकडे बघत बसली. पेपर उलटा होता की नाही ते मी पाहिलं नाही, पण पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नाही.

मग जे पंधरा दिवस झाले ते काय सांगू. डबा माळ्यावरून खाली. आमच्या इमारतीतल्या सगळ्या घरांतून पिस्त्याची टरफलं गोळा झाली, भास्करकाकांनी तर मला न विचारता आमच्या डब्यातले पिस्ते खाल्ले. काकूने बांधणी काढून पाहिली, लाल नखावर पांढरे पिवळे ठिपके, इतके बारीक की बॉलपेनाचं टोकही जाड पडलं, मग तिने शिवणाची सुई घेतली. नवरीच्या पानेतर साडीसारखी पांढरी जमीन आणि लाल काठ काढले. वैशाख म्हणून करंगळीवर मोगऱ्याची एक कळी. प्रत्येक टरफल आधी समोरच्या घरात जायचं, रमाबेन पास करायच्या, मगच पुठ्ठ्यावर. एक नापास झालं. त्यावर दोघी भांडल्या, खरोखर भांडल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी जिन्यात एकटीच हसत बसले.

आणंदला आम्ही रमाबेनच्या व्हॅनमधून गेलो. काकूने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. लग्नघरी माणसंच माणसं, गाद्या, पितळेची पातेली, मेंदीचा वास. एका खोलीत काकूसाठी पाट, उशी आणि थंड पाण्याचं वाडगं आधीच मांडून ठेवलं होतं. नवरीच्या दोन मावश्या, तीन आत्या, मामी, सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. उत्तरायणाला अगाशीवर आलेली हेतलची आईही होती. काकूने तिला ओळखलं आणि ती उंबऱ्याशीच थबकली. मी मागून ढकललं असतं, पण हिंमत झाली नाही.

एका वृद्ध बाईंनी विचारलं, "आ बेन कोण?"

काकूने सवयीने तोंड उघडलं. "हुं तो पाडोशी, रमाबेननी..."

"पाडोशी शेनी?" रमाबेन मागून तिला तोडत म्हणाल्या, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा. "आ अमारां नखवाळां शालूबेन. खास वडोदराथी कामे बोलाव्यां छे."

हेतलच्या आईने उशी पाटासमोर सरकवली, आणि कोणाला काही कळायच्या आत स्वतःचे दोन्ही हात उशीवर पसरून ठेवले. काकू तिच्यासमोर बसली. तिने डब्याचं झाकण काढलं. मग तिने ते हात आपल्या हातात घेतले, आणि कुठलाही रंग न उघडता नुसती धरून बसली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि सगळ्या बायका ती सावरायची वाट बघत होत्या.